मोरीजवळचा अडुळसा



गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी 'माझे झाड' हा विषय दिला, तेव्हा वर्गात कुणी आंबा घेतला, कुणी वड, कुणी पिंपळ. माझे झाड लहान आहे. ते माझ्या खांद्याला लागते. त्याला झाड म्हणावे की झुडूप, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पण ते मी स्वतः लावले आहे. ते लावताना माझ्या हातून तीन चुका झाल्या. त्या चुकांसकट सगळे लिहिते.

आपला भाग कसा आहे, हे तुम्हाला सांगायला नको. बाहेरगावच्या माणसाला मनमाड म्हटले की रेल्वेचे जंक्शन आठवते. आपल्याला आधी पाणी आठवते. मनमाड शहराला वागदर्डीच्या धरणाचे पाणी मिळत आले आहे, पण ते धरण पावसावर पुरत नाही. पालखेड डाव्या कालव्याचे आवर्तन कधी सुटते, याकडे सगळे डोळे लावून बसत आले आहेत. आपल्या गावात तर मे महिना आला की टँकर. जमीन मुरमाड, खाली काळा कातळ. अंकाई-टंकाईचे डोंगर आणि ती हडबीची शेंडी आपण रोज पाहतो. पाऊस पडतो आणि उतारावरून निघूनही जातो. अशा ठिकाणी फुलझाड लावते म्हटल्यावर वडील म्हणाले, "माणसाला प्यायला पाणी नाही, अन् तुझ्या झाडाला कुठून आणायचं?"

त्यांचे बरोबर होते. पण मी सहावीत गेले तेव्हा गुरुजींनी सांगितले होते, की प्रत्येकाने जूनमध्ये एक झाड लावायचे आणि पुढचा उन्हाळा ओलांडून दाखवायचा. मी हट्टाने बाजारातून गुलाबाचे रोप आणले. ते अंगणात लावले. आठच दिवसांत शेजारच्या शेळीने ते बुडख्यापर्यंत खाल्ले. कुंपण न घालता लावले, ही माझी पहिली चूक. मी रडले. शेळीला काय कळते?

तेव्हा आजी म्हणाली, "रडतीस कशाला? शेळी तोंड लावत नाही असं झाड लाव. अडुळसा लाव."

माझी आत्या निफाड तालुक्यात असते. जिल्हा एकच, पण तिकडे गोदाकाठी द्राक्षाचे मळे आहेत, विहिरींना पाणी आहे. आत्याच्या बांधाला अडुळशाची दाट वई आहे. आषाढात आम्ही तिच्याकडे गेलो. येताना चार फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने आणल्या. फांद्या माझ्या करंगळीएवढ्या जाड आणि वीतभर लांब होत्या.

आता आमच्या घरात ओल असते ती एकाच ठिकाणी, मोरीच्या मागे. भांड्यांचे, आंघोळीचे पाणी तिथे जाते. तिथे बारा महिने चिखल, डास आणि वास. त्या सांडपाण्यावरून शेजाऱ्यांशी दोनदा भांडणही झाले होते. मला वाटले, झाडाला पाणी लागते आणि इथे पाणी आहे. म्हणून दोन फांद्या मी थेट चिखलात खोचल्या. पंधरा दिवसांनी उपटून पाहिल्या तर खालून काळ्या पडलेल्या, बोटाने दाबले की साल निघून यायची. ही दुसरी चूक.

गुरुजींना फांद्या दाखवल्या. ते म्हणाले, "मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. चिखलात मातीच्या कणांमधली सगळी हवा पाण्याने भरून जाते. मग मूळ फुटत नाही, फांदी कुजते. ओल वेगळी आणि चिखल वेगळा." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे.

मग वडिलांनीच मोरीच्या तोंडाशी शोषखड्डा खणला. खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू. चिखल गेला, भांडणही गेले. खड्ड्यापासून दोन हात लांब मी मातीचा उंचवटा केला. त्यात काळी माती, थोडा मुरूम आणि उकिरड्यावरचे जुने कुजलेले शेणखत मिसळले. उरलेल्या दोन फांद्या आजीने माठाजवळ ओल्या मातीत जपून ठेवल्या होत्या, त्या इथे लावल्या. लावण्याची रीत अशी : फांदीला तीन-चार पेरे असावीत. दोन पेरे मातीत, बाकीची वर. मुळे पेरापासून फुटतात. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढून टाकावीत, म्हणजे फांदी सुकत नाही. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. एवढीच ओल पुरे.

श्रावणात दोन्ही फांद्यांना कोंब आले. एक पुढे मेली. एक जगली. शेळी रोज येऊन हुंगायची आणि तोंड फिरवून जायची. गुरुजींनी आम्हांला एक गंमत सांगितली. अडुळशाचे शास्त्रीय नाव जस्टिशिया अधातोडा असे आहे. तमिळमध्ये 'आडु' म्हणजे शेळी आणि 'तोडा' म्हणजे न शिवणारी. त्यावरूनच ते नाव पडले असे म्हणतात. पाने कडू असतात ना! आमच्या शेळीला तमिळ येत नाही, पण नाव तिला बरोबर समजले.

आता तिसरी चूक. ती लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते.

मे महिन्यात घरात सांडायलाच पाणी उरले नाही. शोषखड्डा कोरडा ठणठणीत. अडुळशाची पाने मलूल होऊन खाली लोंबू लागली. एके दिवशी भर दुपारी, आई झोपली आहे असे पाहून, मी माठातले तांब्याभर पाणी घेतले आणि झाडाच्या बुडाशी ओतले. मागे वळले तर आई दारात उभी.

ती ओरडली नाही. तिने एवढेच विचारले, "तो तांब्या कुठून आला, ठाऊक हाये का तुला?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता तिने मला उठवले. म्हणाली, "चल." टँकर आला नव्हता, म्हणून आम्ही शिवाराकडच्या विहिरीवर गेलो. तिथे आधीच रांग होती. पाणी तळाला गेलेले. दोर ओढून ओढून माझे तळहात लाल झाले. आईच्या डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी. माझ्या डोक्यावर एक छोटी कळशी. अर्ध्या वाटेत माझी मान दुखू लागली. कळशी उतरवताना कलंडली आणि निम्मे पाणी सांडले. धुळीत ते क्षणात जिरले. मी आईकडे पाहिले. ती काही बोलली नाही. तिने हंडा तसाच तोलून धरला आणि थांबली, मी कळशी पुन्हा उचलेपर्यंत.

घरी येऊन मी मोजले. आमच्या हंड्यात पंधरा तांबे मावतात. त्यातला एक मी विचारल्याशिवाय ओतला होता.

त्या संध्याकाळी आईने तांदूळ धुतले आणि ते पाणी न टाकता घमेल्यात ठेवले. भाजी धुतलेले पाणीही त्यातच. मला हाक मारून म्हणाली, "हे तुझ्या झाडाचं. माठाला हात लावायचा नाय." कपड्यांचे साबणाचे पाणी आम्ही झाडाला घातले नाही. आजीने बाजरीचे सरमाड तोडून बुडाभोवती दाट पसरले. त्यामुळे ऊन मातीला लागत नाही आणि थोडक्या पाण्याची ओल दोन-तीन दिवस टिकते. आजीने 1972 चा दुष्काळ पाहिला आहे. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. ती म्हणते, "पानी कमी असलं की ते झाकून ठिवायचं, मग ते माठातलं असो का मातीतलं."

जूनमध्ये पाऊस आला तेव्हा अडुळशाला चारच पाने उरली होती. पण मूळ जिवंत होते. दिवाळीपर्यंत तो माझ्या कमरेला लागला, आणि या महिन्यात त्याला फुले आली आहेत.

फूल पांढरे असते. हिरव्या पानोळ्यांच्या तुऱ्यातून एकेक बाहेर डोकावते. नीट पाहा, फुलाला दोन ओठ आहेत. वरचा ओठ टोपीसारखा वाकलेला. खालचा ओठ पसरट, त्यावर जांभळट रेघा. मधमाशी येते ती खालच्या ओठावर उतरते आणि रेघांच्या दिशेने आत शिरते. ती आत गेली की वरच्या ओठातले पराग तिच्या पाठीला लागतात.

अडुळशाला संस्कृतात वासा म्हणतात. त्याच्या पानांत वासिसीन नावाचे द्रव्य असते. खोकल्याच्या औषधांत असते ते ब्रोमहेक्झीन त्यावरूनच पुढे तयार झाले, असे गुरुजींनी सांगितले. गल्लीतल्या बायका आजीकडे पाने मागायला येतात. पण आजी प्रत्येकीला विचारूनच पाने देते. दिवस गेलेल्या बाईने अडुळसा घेऊ नये, हे ती ठासून सांगते. काढा घ्यायचा तर डॉक्टरांना विचारून घ्यावा, हे मी माझ्याकडून सांगते.

पूर्वी शेजारच्या काकू आमच्या सांडपाण्यावरून भांडायच्या. परवा त्याच पाने घेऊन गेल्या. वडीलही आता कामावर जाताना झाडाकडे एकदा पाहून जातात. परवा सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा आई पाणी घेऊन आली होती. कमरेवरची कळशी खाली न ठेवताच ती अडुळशापाशी उभी राहिली आणि मधमाश्या पाहत राहिली. मी विचारले, "काय बघतीस?" ती म्हणाली, "काय नाय. माझं पानी कुठं गेलं ते बघते."

मित्रांनो, आपल्या गावात पाणी कमी आहे, पण प्रत्येक घराच्या मोरीमागे चिखल आहे. त्या चिखलाची ओल करता येते. येत्या आषाढात माझा अडुळसा छाटायचा आहे. ज्यांना फांदी हवी असेल त्यांनी आमच्या घरी यावे. येताना ओले फडके आणावे. आणि फांदी चिखलात खोचू नये.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी