कॅम्पातला रविवार

दापोली हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडचे, जांभ्या दगडाच्या सड्यावर वसलेले गाव. समुद्र पश्चिमेला सरळ रेषेत सात-आठ किलोमीटरांवर आहे, पण गाव सुमारे 250 मीटर उंचीवर असल्याने समुद्राचा वारा येतो आणि समुद्र दिसत नाही. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी इथे लष्कराची छावणी टाकली. छावणी उठून शंभरावर वर्षे झाली, तरी आसपासच्या खेड्यांतली म्हातारी माणसे बाजाराला निघाली की ‘कॅम्पात जातो’ असेच म्हणतात. लष्करानंतर गावाला ओळख दिली ती शिक्षणाने. आधी इंग्रजी शाळा आल्या, आणि 18 मे 1972 रोजी कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाते. गाव लहान आणि विद्यापीठ मोठे, असे हे प्रमाण आहे. आंबा-काजूच्या बागा, भाताची खाचरे, प्रयोगशाळा आणि वसतिगृहे यांनी गावाचे एक अख्खे अंग व्यापले आहे.

इथे शिकायला येणारी मुले ढोबळमानाने दोन प्रकारची. एक कोकणातली, शनिवारी दुपारी एसटी धरून घर गाठणारी. दुसरी घाटावरची, म्हणजे लातूर, बुलढाणा, सोलापूर, अहिल्यानगर अशा भागांतून आलेली. त्यांचे घर शनिवार-रविवारात जाऊन येण्याइतके जवळ नसते. रेल्वे हवी तर आधी तीसेक किलोमीटरवरच्या खेडला उतरावे लागते. त्यामुळे घाटावरच्या मुलांना शनिवार-रविवार दापोलीतच काढायचा असतो. या गावाचा रविवार घडतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे, आणि त्यांना घरी घेऊन जाणाऱ्या कोकणी मित्रांमुळे.

सुट्टीच्या दिवशी इथल्या विद्यार्थ्यांनी पायपीट करावी ही रीत विद्यापीठाहून जुनी आहे. साने गुरुजी दापोलीच्या इंग्रजी शाळेत शिकत होते, तेव्हा सुट्टी लागली की पालगडच्या घरची वाट ते पायी तुडवत. जवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे त्याच्याही आधी मित्रांबरोबर सह्याद्री चढून परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि वयाने फार लहान दिसतो म्हणून परीक्षेला न बसताच त्यांना परतावे लागले. आता पायांची जागा मोटारसायकलने घेतली आहे, एवढाच फरक.

शनिवारची संध्याकाळ केळसकर नाक्यावर सुरू होते. नाका म्हणजे चहाच्या टपऱ्या, वडापाव, झेरॉक्सची दुकाने आणि चहूबाजूंनी येणारे रस्ते. उद्या कुठे जायचे हे इथे ठरते, आणि ते ठिकाणावरून कमी, गाड्यांवरून जास्त ठरते. सहा जणांत दोन गाड्या असतील तर चौघेच जाणार. उरलेले दोघे वसतिगृहात कॅरम खेळणार किंवा सकाळच्या हर्णै एसटीने पुढे निघणार. मागच्या सीटवर कोण बसले यावरून इथे कित्येक जन्माच्या मैत्र्या जुळल्या आहेत. छंदही असेच लागतात. गाडीवाल्याला पक्ष्यांचे वेड असले की मागे बसणारा वर्षभरात कवड्या धनेश आणि राखी धनेश उडतानाच ओळखू लागतो. गाडीवाला मासे गरवणारा असेल तर मागचा खडकावर गळ टाकून तास न् तास बसायला शिकतो. आवडीप्रमाणे मित्र निवडण्याएवढे हे गाव मोठे नाही. जो मित्र मिळाला त्याची आवड आपली होते, आणि लहान गावाचे हे फार मोठे देणे आहे.

मुलींचा रविवार मात्र मुलांच्या रविवारापेक्षा आखूड असतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांच्या गावी मुलींच्या वसतिगृहाचे फाटक लवकर लागते, आणि सूर्यास्त पाहून परतायचे म्हटले तर हिशेब जमत नाही. म्हणून त्यांचा दिवस पहाटे सुरू होतो. सात-आठ जणी मिळून एक वडाप ठरवतात, डबे बांधून घेतात आणि दुपार कलायच्या आत परततात. किनाऱ्यावरची कोवळ्या उन्हाची वेळ त्यांच्या वाट्याला येते, ही त्यातली जमेची बाजू. पण संध्याकाळ हातची जाते ती जातेच, आणि तो अन्याय आहे.

घाटावरच्या मुलाला समुद्र पहिल्यांदा दिसतो तो उतारावरच्या एखाद्या वळणावर, माडांच्या शेंड्यांवरून. तोपर्यंत नदी, तलाव किंवा धरण याहून मोठे पाणी अनेकांनी पाहिलेले नसते. मुरूड, कर्दे, लाडघर या किनाऱ्यांची वाळू सपाट आणि लांबच लांब आहे, म्हणून पाणी भोळे वाटते, आणि तिथेच धोका असतो. भरती-ओहोटीचा अंदाज नसलेला मुलगा ओहोटीबरोबर आत ओढला जातो. म्हणून कोकणी मित्र पहिल्याच रविवारी एक हिशेब शिकवतो: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास पूर्ण होणार. अष्टमीला सहाच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अडाखा सहसा चुकत नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्याचेच हे बोटांवर मोजता येणारे रूप. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे शब्दही त्याच दिवशी पाठ होतात. पुढे वसतिगृहाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये मुले तारखेबरोबर तिथीही पाहू लागतात.

सगळ्यांत गजबजलेला रविवार हर्णै बंदराचा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे 2025 मध्ये मराठा लष्करी किल्ल्यांच्या मालिकेतून जागतिक वारसा यादीत गेले. पण लिलावाच्या वेळी किल्ल्याकडे कोणी पाहत नाही. मोठ्या होड्या थोड्या आत नांगरून पडतात आणि मासळी किनाऱ्यावर येते ती छोट्या होडक्यांतून आणि बैलगाड्यांतून. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे असतात, लाट आली की मान वर करतात, आणि टोपल्या लादून झाल्या की ओल्या वाळूत चाके रुतवत गाडी बाहेर ओढतात. शेतकी शिकणारी मुले इथे हमखास थबकतात. बैल त्यांनी नांगराला पाहिलेला असतो, समुद्रात पाहिलेला नसतो. एखादा साताऱ्याकडचा मुलगा जनावराची खांदेमळणी, पत्री, खुरांना लागणारे खारे पाणी याबद्दल गाडीवानाला विचारत बसतो आणि लिलाव विसरतो.

लिलाव म्हणजे वाळूवर ओतलेले ढीग आणि त्यांच्याभोवती धरलेली माणसांची रिंगणे. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी, माकूल यांचे ढीग वेगवेगळे. बोली चढते ती इतकी भरभर की नवख्याला आकडा समजेपर्यंत ढीग दुसऱ्याच्या टोपलीत गेलेला असतो. विद्यार्थ्यांचे काम लिलाव संपल्यावर सुरू होते. कोळणी वाटे मांडून बसतात, आणि चौघे मिळून एक वाटा घेतात. घासाघीस करायला पुढे कोकणी मित्रालाच धाडायचे असते. कोळीण त्याचे बोलणे ऐकते, गाव विचारते, आणि गाव ओळखीचे निघाले की वाट्यावर दोन बांगडे वर टाकून म्हणते, “घे रे, पोरांना खायला घाल.” मग ती मासळी एखाद्या ओळखीच्या खानावळीत द्यायची आणि तांदळाच्या भाकरीबरोबर चौघांनी संपवायची. जन्मात मासा न खाल्लेली किती तरी मुले इथे पहिला काटा काढायला शिकली आहेत.

गर्दी नको असेल त्यांच्यासाठी आसूद. रस्ता सोडून पोफळीच्या बागांतून खाली उतरायचे, ओढ्यावरचा पूल ओलांडायचा आणि पायऱ्या चढून केशवराजाच्या देवळात पोचायचे. गोमुखातून बारमाही पाणी पडते. ऐन दुपारीही तिथे सावली इतकी दाट असते की आवाज आपोआप खाली येतो. या पट्ट्याला मराठी कादंबरीत कायमची जागा देणारे श्री. ना. पेंडसे याच तालुक्यातल्या मुर्डीचे, जन्म 1913 चा. ‘गारंबीचा बापू’ वाचून आलेला मुलगा पोफळीच्या आगरात उभा राहतो तेव्हा पाटाच्या पाण्याचा आवाज त्याला आधीच ओळखीचा असतो. पुस्तक वाचलेला एक जण असला की पुढच्या महिन्यात ते खोलीभर फिरते.

पावसाळ्यात हे सगळे बदलते. इथे वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. समुद्र बंद होतो, घाटावरच्या मुलांचे कपडे आठवडा आठवडा वाळत नाहीत. पण उन्हाळाभर करपलेला कातळ याच दिवसांत जिवंत होतो. जांभ्याच्या खोलगट भागांत बोटभर पाणी साठते, त्यात गवत येते आणि गवतात सीतेची आसवे निळीजांभळी फुलतात. पहिल्या पावसानंतर रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर दीपकाडीची पांढरी फुले दिसतात. ही वनस्पती कोकणाबाहेर सापडत नाही. वर्गात वनस्पतिशास्त्राचा कंटाळा करणारी मुलेही सड्यावर गुडघे टेकून पाकळ्या मोजतात. रात्री बॅटऱ्या घेऊन खेकड्यांना जाणारी टोळी वेगळीच, आणि पहिल्या पुरात चढणीचे मासे धरणारी त्याहून वेगळी.

सड्यावर सुट्टीच्या दिवशी हिंडणे हा रिकामटेकडा उद्योग नव्हे, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती आपापले व्यवसाय सांभाळून निसर्गाच्या ओढीने फिरत होते. गुराख्यांना आणि गावकऱ्यांना विचारत, गवत बाजूला करत त्यांनी कातळात कोरलेली शेकडो चित्रे शोधून नोंदवली: हत्ती, मासे, माणसे, कोडी वाटावीत अशा आकृत्या. 2022 मध्ये कोकणातली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत पोचली. पगार, पद किंवा आदेश यांपैकी काहीही नसताना मित्रांच्या गटाने सुट्टीचे दिवस खर्चून केलेले हे काम आहे. मराठी माणसाने छंदातून उभ्या केलेल्या कामांत त्याची जागा फार वरची.

दिवाळीनंतर मैदाने कोरडी होतात आणि टेनिस बॉल क्रिकेटचे सामने सुरू होतात. गावोगावच्या वाड्यांचे संघ, मातीवरची कबड्डी, वसतिगृहासमोर दोरी बांधून व्हॉलीबॉल. सायकलवाल्यांचा घोळका रविवारी पहाटे चढ-उतार तुडवायला निघतो. समुद्रापर्यंत उतरणे सोपे, परतीचा चढ पाय मोडतो. ज्यांना लांब जायचे असते ते कोटजाई नदीकाठची पन्हाळेकाजीची 29 लेणी गाठतात, नाहीतर उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यात पाय सोडून बसतात.

फेब्रुवारीपासून किनाऱ्यावर कासवांचे दिवस येतात. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्या तावडीतून ती वाचावीत म्हणून गावातले कासवमित्र ती उचलून कुंपणातल्या खड्ड्यात पुरतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये हे काम सुरू केले. आता आंजर्ले, कोळथरे, मुरूड अशा दापोलीच्या किनाऱ्यांवरही ते चालते. साधारण दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. कासवमित्र सकाळी टोपली उघडतो, तेव्हा आत काहीच नसते किंवा वाळू हलकी थरथरत असते. ओंजळीत मावेल एवढे काळपट पिल्लू पाण्यापासून थोड्या अंतरावर ठेवतात आणि ते पाण्याच्या दिशेने चालू लागते. पहिली लाट त्याला उलटे टाकते. ते सरळ होते, पुन्हा चालते. दोरीमागे उभी असलेली पन्नास माणसे त्या वेळी एक शब्द बोलत नाहीत. पहाटे चारला उठून, थंडीत गाडी हाकून, बहुतेक वेळा ‘आज पिल्ले नाहीत’ ऐकून परतणारे विद्यार्थी पुढच्या रविवारी पुन्हा जातात, आणि काही जण शेवटी दोरीच्या पलीकडे, कासवमित्राच्या बाजूला उभे राहू लागतात.

मग शिमगा. या दिवसांत कोकणी मित्र घाटावरच्या मित्राला घरी नेल्याशिवाय राहत नाही. पालखी खांद्यावर नाचते, संकासुराच्या टोपीला पोरे घाबरतात, आणि पाहुण्या मुलाच्या हातातही एकदा दांडा दिला जातो. घरात आई घावणे आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे वाढते. दोन दिवसांत पाहुण्याचे नाव अख्ख्या वाडीला ठाऊक होते.

एप्रिल-मेमध्ये परीक्षा आणि आंबा एकाच वेळी येतात. विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून तयार केलेला रत्ना, आणि रत्ना-हापूसपासून झालेला पातळ कोयीचा सिंधू, ही नावे उत्तरपत्रिकेत लिहायची आणि संध्याकाळी बाजारात चवीने पडताळायची, असे भाग्य फार थोड्या अभ्यासक्रमांना लाभते. शेवटच्या पेपरानंतर एसटी स्टँडवर ट्रंका, गाद्या आणि आंब्याच्या पेट्या यांची एकच रांग लागते. पेटी बहुधा कोकणी मित्राच्या घरची, गवतात निगुतीने लावलेली, आणि वर मुलाच्या गावाचे नाव शाईने लिहिलेले.

1 जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी लागू होते. हर्णैच्या होड्या ओढून वर घेतल्या जातात, त्यांच्यावर झावळ्या आणि ताडपत्री पडते, वाळूवरचे ढीग नाहीसे होतात. वर सड्यावर वसतिगृहांच्या बऱ्याच खोल्यांना कुलपे असतात. दोन महिने दोन्हीकडे फक्त पाऊस पडत राहतो. नारळी पौर्णिमेला नारळ पाण्यात जातो, होड्या निघतात, आणि त्याच सुमारास केळसकर नाक्यावर नवी पोरे पहिला चहा घेत उभी असतात. त्यांच्यातला एक जण दुसऱ्याला विचारत असतो की समुद्र नेमका कोणत्या बाजूला आहे.