आकाशातला तलाठी

उंचावरून खाली पाहण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. साताऱ्यात पाहुणा आला की त्याला अजिंक्यताऱ्यावर न्यायचे, हा आमच्याकडचा शिरस्ताच. वर पोचल्यावर पाहुणा "वा! काय देखावा आहे!" म्हणून उद्गार काढतो, पण यजमानाचे लक्ष देखाव्याकडे नसते. तो बोट पुढे करून खालच्या गर्दीत काहीतरी शोधत असतो. तो आपले घर शोधत असतो! सगळा मुलूख पायाखाली पसरलेला असला तरी माणसाला पाहायचे असतात ते स्वतःचे दोन गुंठे.

हल्ली ही हौस सातआठशे किलोमीटर उंच गेली आहे. तिथून उपग्रह फिरतात आणि आपल्या डोंगरांची, रानांची, शेतांची चित्रे खाली पाठवतात. त्यांचे काम काय हे समजून घेतले तेव्हा माझ्या मराठीच्या डोक्यात एकच उपमा आली, ती तलाठ्याची. सरकारने त्याचे नाव आता बदलून ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त केले आहे. गावाच्या तोंडी मात्र तलाठीच. हा आकाशातला तलाठीही ठरलेल्या दिवशी फेरी मारतो, गुंठ्यागुंठ्याची नोंद करतो, आणि चहासुद्धा मागत नाही.

आता मराठीच्या प्राध्यापकाचा उपग्रहांशी काय संबंध, असे आपण विचाराल. माझी नोकरी साताऱ्यात असली तरी आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्याच्या डोंगराळ अंगाला. माझा एक जुना विद्यार्थी त्याच बाजूला वनरक्षक आहे. मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला हा मुलगा एके दिवशी साताऱ्याला घरी आला आणि त्याने टेबलावर एक कागद पसरला. "सर, हे आपले चांदोलीचे रान."

मी पाहिले तो काय, सगळे रान तांबडेलाल! मला वाटले, छापताना रंग चुकले असावेत. तो हसला. मग शिक्षक तो आणि विद्यार्थी मी, अशी शिकवणी सुरू झाली. हिरवे पान हिरवा रंग परतवते हे आपल्याला दिसते. पण आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश ते त्याहून कितीतरी जास्त परतवते. यंत्राला तो दिसतो, आणि आपल्यासाठी तो चित्रात तांबडा रंगवतात. म्हणून जितके रान दाट आणि निरोगी, तितका तांबडा रंग गडद. पाणी काळपट. नांगरलेली जमीन निळसर करडी. वणव्याने जळलेला उतार काळा.

"मग हे काय?" मी कृष्णाकाठच्या तांबड्या पट्ट्यावर बोट ठेवले. "इथे कुठले आले अरण्य?"

"तो ऊस, सर!"

एकाच चित्रावर भरवसा ठेवला तर वाळव्याचा ऊस आणि चांदोलीचे रान यांची अशी भावकी जुळते. दोन-चार महिन्यांची चित्रे शेजारी ठेवली म्हणजे उलगडा होतो. कारखाने सुरू झाले की उसाचा तांबडा रंग तुकड्यातुकड्याने नाहीसा होतो. डोंगरातल्या सदाहरित रानाचा टिकून राहतो. एका ओळीवरून कवीला जोखू नये असे मी वर्गात दरवर्षी सांगतो. इथेही तोच न्याय लागू होता.

या तलाठ्याची मोजणी सुधारत गेली ती कथाही मनोरंजक आहे. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ साली वर गेला. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने देशातल्या वनांचा पहिला अहवाल १९८७ साली काढला, तो लँडसॅटच्याच चित्रांवरून. त्या वेळी ४०० हेक्टरांहून लहान रान नकाशावर उमटतच नसे. ४०० हेक्टर म्हणजे जवळजवळ १००० एकर! पुढे १९८८ साली आपला स्वतःचा आय. आर. एस. उपग्रह गेला, त्याच्या मागून आणखी गेले, आणि आता १ हेक्टरापर्यंतचे रान नोंदले जाते. आपल्या उपग्रहाच्या ज्या कॅमेऱ्यावरून ही मोजणी होते, त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साडेपाच गुंठे. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांचा ठिपका तर १० मीटर लांब, १० मीटर रुंद. म्हणजे जवळजवळ एक गुंठा. ही चित्रे दर पाच दिवसांनी मिळतात आणि ज्याला हवी त्याला फुकट मिळतात.

यांचा उपयोग काय, तर वनरक्षकाचे निम्मे पाय वाचतात. एकट्या माणसाच्या ताब्यात डोंगरच्या डोंगर असतात. कुठला कोपरा गेल्या वर्षापेक्षा विरळ झाला, कुणाचे शेत हळूच रानात सरकले, उन्हाळ्यात कुठल्या घळीत शेवटपर्यंत ओल राहते, हे चित्र आधी सांगते; मग तो नेमका तिथे जातो. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. त्यातून उठून गेलेल्या गावांची जुनी शेते आता गवताळ माळ झाली आहेत. गवे-सांबरांना ती चरायला हवीत, म्हणून त्यांच्यात झुडपे किती घुसली हेही अशा चित्रांवरून पडताळता येते. शिवाय हा तलाठी मोठा स्पष्टवक्ता आहे. कागदोपत्री हजार रोपे डोलत असलेल्या टेकडीवर त्याला दगड दिसले तर तो दगडच लिहितो. दरवर्षी त्याच खड्ड्यात वृक्षारोपण करून हार घालून घेणाऱ्यांना हा स्वभाव मानवणारा नाही!

पण त्याला दिसते म्हणजे समजतेच असे नाही. वनाच्या मोजणीचा नियम असा की १ हेक्टर जागेवर शंभरात दहा भागांहून अधिक झाडांची सावली असली की ते वन. मग जागा कुणाचीही असो आणि झाड कुठलेही असो. त्यामुळे एखाद्या बागायतदाराची दाट आमराई वनाच्या रकान्यात जाऊन बसते. आमच्या गावची देवराई मात्र बसत नाही, कारण ती जेमतेम एकरभर आहे. तिच्यातल्या अंजनीला आणि जांभळाला पिढ्यान् पिढ्या कोणी कुऱ्हाड लावलेली नाही. पण हेक्टरात भरत नाही म्हणून या हिशेबात ती नाही.

साताऱ्याच्या कासचेही असेच. मार्च-एप्रिलमधल्या चित्रात कासचा सडा म्हणजे करडा, उजाड कातळ. ज्याने तो भाद्रपदात पाहिला नाही असा एखादा उत्साही गृहस्थ म्हणेल, "अरेरे, केवढी पडीक जागा! इथे झाडे लावू या." त्याने तसे केले तर तेरड्याचे, सोनकीचे, सीतेच्या आसवांचे ते बोटभर मातीतले राज्य सावलीखाली संपेल. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कोयना-चांदोलीबरोबर कासही आहे, ते या उघड्या सड्यामुळेच. आणि फुले येतात तेव्हा नेमके आभाळ भरलेले! साधा कॅमेरा ढगांची पाठ तेवढी पाहतो. म्हणून वनांची मोजणी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या चित्रांवर करतात. आभाळ मोकळे असते आणि पाने अजून झाडावर असतात. ढगांतून पार पाहणारे रडारचे उपग्रहही आता आहेत. भारत आणि अमेरिका यांनी मिळून केलेला निसार जुलै २०२५ मध्ये गेला. त्याला पावसाळ्यातही रानाचा अदमास घेता येईल. पण तेरड्याचा रंग मात्र त्यालाही दिसायचा नाही.

या तलाठ्याची खरी परीक्षा मी पाहिली ती एका फाल्गुनात, गावच्या यात्रेला गेलो होतो तेव्हा. उन्हे कलली होती. विद्यार्थी मोटारसायकलवरून घाईघाईने दारात आला. त्याच्या फोनवर वणव्याचा निरोप आला होता. उपग्रह रानावरून जाताना जमिनीची उष्णता टिपतात. वनहद्दीत कुठे आग दिसली की डेहराडूनहून वनखात्याच्या माणसांना असा निरोप येतो. उपग्रहाने पाहिले होते दुपारी दीडच्या सुमारास. निरोपात अक्षांश १७ अंश आणि काही, रेखांश ७३ अंश आणि काही, असे आकडे होते. पण आगीचा हा ठिपका गुंठ्याएवढा नसतो. तो पावणेचारशे मीटरांचा चौकोन, म्हणजे ३५ एकर! आणि आमच्या डोंगराच्या त्या अंगाला एकापुढे एक तीन घळी. मधल्या वेळात आग किती सरकली कोण जाणे.

माझे चुलते तात्या ओसरीवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी आकडे ऐकून घेतले आणि उठून अंगणात उभे राहिले.

"आरं, आकडं नगं सांगू. धूर कुटनं दिसला?"

"मावळतीच्या कड्याखाली, तात्या."

"मग ती सुकी घळ. वारं खालनं वर चढतंय. दिवं लागायच्या आत देवराईच्या अंगाला भिडंल. घळीत उतरू नगासा, म्हसोबाच्या टेकावरनं जावा."

टेक, घळ, पाणंद, ओहोळ. डोंगराच्या एकेका सुरकुतीला तात्यांकडे नाव होते, आणि त्या नावात वारा, उतार, वाट सगळे भरलेले होते. आम्ही म्हसोबाच्या टेकावरून गेलो. आग तिथेच वर चढत होती. विद्यार्थी, त्याचे चार वनमजूर, वारा सोडणारे एक यंत्र, आणि गावातली आठदहा पोरे. बाकीची हत्यारे म्हणजे झाडाचे हिरवे डहाळे. मी पाण्याच्या कळशा पोचवत होतो. त्या ज्वाळांचा आवाज कापड टराटरा फाडल्यासारखा असतो, हे मी कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. देवराईच्या पहिल्या जांभळापासून वीसएक पावलांवर आग अडली. रात्रीचे अकरा वाजले होते.

मध्यरात्रीनंतर दीडला उपग्रह पुन्हा वरून जातो. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी म्हणाला, "सर, रात्रीचा निरोप आला नाही." आम्ही सगळ्यांनी मिळून जे केले त्याची आकाशातली नोंद एवढीच, की तिथे काही दिसले नाही.

आग कोणी लावली, हे गावात कुणी विचारत नाही. डोंगर जाळला म्हणजे गवत जोमाने येते ही समजूत आमच्याकडे फार जुनी. विद्यार्थ्याने तात्यांना समजावून पाहिले. पहिला कोंब लवकर फुटतो हे खरे. पण दरवर्षी जाळल्याने झाडांची रोपे मरतात, उघडी माती वळवाच्या पावसात वाहून जाते, आणि मागे कुसळी तेवढी उरते. तात्या म्हणाले, "पुस्तकातलं खरं असंल बाबा. पर माझी म्हस पुस्तक खात न्हाई."

आठवड्याने तो नवे चित्र घेऊन आला. जळलेला डाग त्यात स्पष्ट होता, सुपासारखा. वर रुंद पसरलेला, खाली निमुळता होत एका टोकाला आलेला. तात्यांनी चष्मा लावला. कड्यापासून, घळीपासून त्यांचे बोट खाली सरकत त्या टोकापाशी येऊन थांबले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"मास्तर, ही वाट वळखली का?" त्यांनी मला विचारले. मी मान हलवली. "आपल्याच गोठ्यातनं जाती."

माझे बालपण त्या वाटेवर गेले आहे. घरातली गुरे अजून त्याच वाटेने चरायला जातात, आणि ती कोण नेतो हे तात्यांनाही ठाऊक होते, मलाही. विद्यार्थ्याने मान खाली घातली. त्याने नाव विचारले नाही. चित्रानेही कोणाचे नाव सांगितले नव्हते. एवढ्या उंचावरून वाट दिसते, वाटेवरचा माणूस दिसत नाही. तो ओळखायला त्याच घरातले कोणीतरी लागते, आणि त्याने तोंड उघडावे लागते. वणवा लावणाऱ्याला पकडणे कायद्याचे काम खरे. पण पुढच्या फाल्गुनात तो लागू नये हे काम आमच्या ओसरीवरचे होते, ते आकाशातून कोणी करणार नव्हते.

त्या संध्याकाळी तात्यांनी नातवाला बोलावून घेतले. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. मी मुद्दामच बाहेर गेलो. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी विद्यार्थ्याला वही काढायला सांगितली. त्याच्या नकाशावर नुसते कक्ष क्रमांक होते. तात्या एकेक जागा सांगत गेले आणि तो क्रमांकापुढे नावे लिहीत गेला. दोन दिवसांत सत्तावीस नावे झाली. पुढचा निरोप येईल तेव्हा तिथल्या कुणालाही आकड्यावरून घळ कळेल.

गवताबद्दलचे तात्यांचे मत अजून बदललेले नाही. पण येत्या माघात देवराईभोवती जाळरेषा काढायची, गवत आधीच कापून रुंद पट्टा मोकळा करायचा, असे गावाने ठरवले आहे. त्यासाठी घरटी एक माणूस मागितला आहे. तात्यांनी यादी माझ्याकडून लिहवून घेतली, आणि सगळ्यांत वर आमच्या घराचे नाव घालायला सांगितले.