गोपीचंदन आणि बुक्का

भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. चिंचेनं घासलेला तांब्या उन्हात ठेवला की सोन्यासारखा झळकतो. हा पिवळेपणा येतो कुठून? सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग एकत्र असतात. पितळ त्यातला निळा बराचसा ठेवून घेतं आणि तांबडा, पिवळा परत पाठवतं. तो परतलेला प्रकाश म्हणजेच पितळेचा रंग. वस्तू जे ठेवून घेते ते दिसत नाही. देते तेवढंच दिसतं.

दिंडीतली पताका उन्हाच्या आड आली की बघावी. कापड निळा प्रकाश अडवतं, भगवा तेवढा पार जाऊ देतं. म्हणून पताकेखालून चालणाऱ्यालाही ती उजळलेली दिसते.

काळ्याची रीत निराळी. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं काळं मँगनीज घ्या, नाहीतर आपल्या कपाळावरचा बुक्का. त्यावर पडलेला प्रकाश जवळजवळ सगळा आत जिरतो. मात्र तो नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. ज्येष्ठातल्या उन्हात डांबरी सडकेवरून अनवाणी चाललेल्या वारकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. त्याचे पाय आपोआप कडेच्या पांढऱ्या पट्ट्याकडे वळतात.

माझ्या बहिणीचा तरुण मुलगा गेला, तेव्हा समजूत घालायला पुष्कळ जण आले. शब्द चांगलेच होते, पण तिचं दुःख त्यांच्यावर आदळून तिच्याकडेच परत येत होतं. शेजारच्या एक माळकरी आजी रोज दुपारी येत, काही न बोलता ऐकत बसत. महिनाभरानं बहीण मला म्हणाली, "दादा, त्या आल्या की जड वाटत नाही." आजींना मात्र त्या दिवसांत रात्री झोप लागत नसे, हे मागाहून कळलं. ठेवून घेणाऱ्याला ताप सोसावा लागतो.

पांडुरंग सावळा का, हे कीर्तनातून अनेक परींनी ऐकलं आहे. मला तेव्हापासून एवढंच उमगतं, की लाखोंनी पायाशी आणून टाकलेलं तो परत पाठवत नाही.

आपण कपाळी गोपीचंदन लावतो आणि त्याखाली बुक्का. एक बराचसा प्रकाश देऊन टाकतं, दुसरा जवळजवळ सगळा पोटात घेतो. मिळालेला आनंद वाटून टाकावा, समोरच्याचं दुःख ठेवून घ्यावं. रोज सकाळी बोट कपाळाला लागतं, तेव्हा एवढं आठवलं तरी पुष्कळ झालं.

रामकृष्णहरी.