मत ही परतफेड नव्हे

सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगाराच्या घरात मी वाढलो. आई पहाटेच सूप मांडीवर घेऊन बसायची. वळलेल्या विड्या कारखान्यात नेल्या की त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला पडायच्या आणि तेवढी मजुरी बुडायची. जगाची रीतच अशी, असं मी धरून चाललो होतो. ती बदलता येते, हे मला शेजारच्या अक्कांमुळे कळलं.

अक्का स्वतः विड्या वळायच्या आणि लाल बावट्याच्या युनियनचं काम करायच्या. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बायका जमायच्या. कुणाचं ओळखपत्र अडलेलं असायचं, कुणाचा फंड. माझं अक्षर बरं, म्हणून अक्कांनी मला अर्ज लिहायला बसवलं. विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, हे मला तिथेच समजलं. तिच्यावरच मी शिकलो.

२००६ साली सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना दहा हजार घरं मिळाली. त्यांतलं एक आईचं. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते नरसय्या आडम मास्तर यांच्या मागे या बायका घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चात चालल्या होत्या, अक्का त्यांत पुढे. मास्तर १९७८, १९९५ आणि २००४ मध्ये विधानसभेवर निवडून गेले होते. २००९ मध्ये मात्र हरले. मी चिडून म्हणालो, “घरं घेतली आणि मत दुसऱ्याला दिलं!”

अक्का शांतपणे म्हणाल्या, “घर आपण हक्कानं मागितलं ना? मग ते उपकार कसे? मत मागायचं ते पुढं काय करणार, ते सांगून.”

हे पचायला मला फार वर्षं लागली. जानेवारी २०२४ मध्ये कुंभारीतल्याच रे नगर या नव्या वसाहतीतल्या तीस हजारांपैकी पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा असंघटित कामगारांना मिळाला. त्याच वर्षी मास्तर विधानसभेला पुन्हा पडले. या वेळी माझ्या तोंडी लोकांबद्दल वावगा शब्द आला नाही. ते अक्कांमुळे.

आता वस्तीतली कितीतरी पोरं विडीच्या धंद्यात नाहीत. कुणी पुण्यात कंत्राटावर आहे, कुणी मोबाइलवर ऑर्डर घेऊन घरोघरी पार्सलं पोचवतो. ज्याच्या दाराशी सभा घ्यावी, असा कारखानाच त्यांना नाही. जातीच्या आणि धर्माच्या नावानं हाक मारणारे त्यांना रोज भेटतात. मजुरीबद्दल विचारणारं कुणी भेटत नाही. थकलेल्या अक्कांनी माझ्या भाच्याला जवळ बसवून विचारलं, “पैसे कापतात, त्याची पावती देतात का रे?” तो तासभर बोलत राहिला. इतका मोकळा झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

डाव्या पक्षांना कष्टकऱ्यांचं मत परत हवं असेल, तर सुरुवात अशा प्रश्नापासून करावी लागेल. जुन्या लढ्यांचा अभिमान जरूर असावा, पण त्यांच्या नावानं मताची वसुली करता येत नाही. नव्या पोराच्या कापलेल्या मजुरीसाठी त्याच्यासोबत पुन्हा उभं राहावं लागतं, आणि निवडणूक संपल्यावरही त्याच्या दारी जावं लागतं.

माझं शिक्षण आणि ही समज, दोन्ही अक्कांनी दिलं. त्यांना ऋण हा शब्द आवडणार नाही, पण मी ते मानतो. अक्कांना आता ओट्यावर फार वेळ बसवत नाही. त्या पोरांच्या तक्रारी लिहून घ्यायला मी बसतो.