स्वाध्यायाची वही

चातुर्मासात आमच्या बेळगावच्या बस्तीत दुपारी तीन ते चार बायकांचा स्वाध्याय असतो. बी.ए. झालेली म्हणून गेली बारा वर्षं वाचायचं काम माझ्याकडे. ग्रंथ मी ठरवायचा, वाचायचा मी, अर्थही मीच सांगायचा. बायका मुकाट्याने ऐकत. काहींना डुलकी लागे. जेवून आल्यात, चालायचंच, असं मी म्हणायची.

गेल्या वर्षी भाची सुट्टीला आली. ती स्वीडनला उप्साला विद्यापीठात शिकते. 1477 सालचं विद्यापीठ, म्हणजे केवढं कडक असेल असं मला वाटलं. तिने सांगितलं ते वेगळंच. पर्यावरण आणि विकास यांच्याबद्दल जे शिकायचंय ते एका विभागात मिळत नाही, म्हणून तिथल्या विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन स्वतःच अभ्यासक्रम आखला. 1992 साली तो सुरू झाला. त्यातूनच पुढे सेमुस हे केंद्र उभं राहिलं. आजही तिथे विद्यार्थ्यांनाच पगार देऊन समन्वयक नेमतात. काय वाचायचं, व्याख्यानाला कुणाला बोलवायचं, हे ते ठरवतात.

"मग प्राध्यापकांना सुट्टीच की!"

"नाही गं मावशी. प्राध्यापक आणि संशोधक आराखडा तपासतात, चुकलं तर सांगतात. पण हे का शिकायचं, याचं उत्तर आम्ही द्यायचं असतं. मग तयारी न करता वर्गात जायला लाज वाटते."

मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "आम्ही तीन वर्षं नुसत्या नोट्स उतरवल्या. तुम्हाला काय हवंय, असं कुणी विचारलं नाही."

"आणि तू स्वाध्यायात विचारतेस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथ न उघडता विचारलं, "काय वाचूया?" बराच वेळ सगळ्या गप्प. मग रोज डुलकी घेणाऱ्या, सत्तरीतल्या एक आजी म्हणाल्या, "बाई, सल्लेखनेचं वाचा की. आमचे मालक शेवटी अन्न नको नको म्हणत होते. मी जबरदस्तीनं पेज घातली. चुकलं काय हो माझं? दहा वर्षं झाली, विचारीन विचारीन म्हणतेय."

रत्नकरंड श्रावकाचारातला तो भाग वेळ पुरत नाही म्हणून मी दरवर्षी गाळत होते. त्या दिवशी वाचला. अन्न एकदम सोडायचं नसतं, पायरीपायरीने. त्याही आधी स्नेह-वैर सोडून आपल्या माणसांना क्षमा करायची, त्यांची क्षमा मागायची. हे सगळं समजून-उमजून. चूक की बरोबर, ते मला सांगता आलं नाही. तसं मी कबूल केलं. मग दुसरी आपल्या सासूबद्दल बोलली, तिसरी आईबद्दल. चार कधी वाजले कळलं नाही. आजी रडल्या, पण जाताना हात धरून म्हणाल्या, "उद्या पुढचं वाचूया."

आता बस्तीत एक वही ठेवलीय. जिला जे विचारायचंय ते तिने लिहायचं. आठवड्याला दोघी मिळून वाचायचं ठरवतात, अडलं तर मी. माझं काम कमी होईल वाटलं होतं. उलट रात्री जागून कोश उघडावा लागतो.

एक प्रश्न मीही लिहिलाय. माझा नंबर सातवा आहे.