उघड्या विमानातली पंधरा मिनिटे

आम्हां बेने इस्राएल लोकांच्या घरात विमान ही काही नवलाईची वस्तू राहिलेली नाही. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी आपली परंपरा सांगते. पुढे ते कोकणात तेल गाळू लागले, शनिवार पाळू लागले म्हणून शनवार तेली म्हणवले, आणि त्यांची मुलेनातवंडे मुंबईत येऊन गिरणीत, रेल्वेत, इस्पितळात, पलटणीत नोकरीला लागली. त्यानंतर एकेका घराने विमान धरले. कोणी लोदला उतरले, कोणी लंडनला, कोणी न्यूयॉर्कला. परंतु खरे सांगायचे तर आपल्यापैकी बहुतेकांनी विमानाने प्रवास केला; उडणे काय असते ते पाहिले नाही. रात्रीची वेळ, मधली खुर्ची, मांडीवर रडणारे मूल. दार लागले तेव्हा मुंबई, दार उघडले तेव्हा लोद, आणि मधले काहीच नाही.

हा विचार मुळात आमचा नव्हे, आमच्या मावशीचा आहे. मावशी अश्दोदला राहते. वय ७८. १९६९ साली ती नवऱ्याबरोबर चार महिन्यांची मुलगी घेऊन सांताक्रूझहून निघाली. गेल्या उन्हाळ्यात त्याच मुलीबरोबर ती आमच्याकडे न्यू जर्सीला पाहुणी आली होती. एका रात्री जेवताना आमच्या चिरंजीवांनी सांगितले की, येथून दोन-अडीच तासांवर ऱ्हाइनबेक नावाच्या गावी जुन्या विमानांचा तळ आहे, आणि तेथे उघड्या दुपंखी विमानातून फेरी मारून आणतात.

मावशीने हातातला घास खाली ठेवला. "दोन पंखांचं? ज्यात माणसांची डोकी बाहेर दिसतात ते?"

लहानपणी तिचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, रविवारी मुलांना जुहूच्या चौपाटीवर नेत. जवळच्या धावपट्टीवरून फ्लाइंग क्लबची टायगर मॉथ विमाने उठत व समुद्रावरून वळत. वैमानिकाचे टोपीतले डोके खालून स्पष्ट दिसे. आजोबा हात हलवीत आणि म्हणत, बघा, त्यानेही हलवला! तो खरेच हलवीत असे की नाही हे मावशीला आजही ठाऊक नाही. पण अशा विमानात बसायचे हे तिच्या मनात सत्तर वर्षे तसेच राहून गेले होते.

आमच्या मावसबहिणीने मात्र साफ नकार दिला. "आई, तुझ्या हृदयाचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं नाही झाली अजून." तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. आम्हीही दोन दिवस घुटमळत होतो. अश्दोदच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी हसून घेतले, मग रक्तदाबाचे आकडे विचारले, आणि म्हणाले की फेरी लहान आहे, विमान फार उंच जात नाही, तिला जाऊ द्या. तरीही मावसबहीण गप्पच होती. तेव्हा मावशी म्हणाली, "मी एलियाहू हन्नाबीला मलिदा बोलले आहे. आता मागे फिरायचं नाही." आपल्या घरात ह्यापुढे कोणाला बोलता येत नाही हे वाचकांना सांगायला नको.

तेथे उन्हाळ्यात शनिवार-रविवारी विमाने उडतात. शनिवार आपला नाही. म्हणून रविवारी सकाळी निघालो.

ओल्ड ऱ्हाइनबेक एरोड्रोम हे न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला सुमारे १०० मैलांवर, डचेस काउंटीत आहे. तेथे सिमेंटची धावपट्टी नाही. झाडांच्या मध्ये गवताचा एक लांब पट्टा आहे, तोही चढ-उताराचा. हे सर्व कोल पेलन नावाच्या एका माणसाने उभे केले. लाँग आयलंडवरचे रूझवेल्ट फील्ड हे प्रसिद्ध विमानतळ बंद होऊन तेथे बाजारपेठ व्हायची होती, तेव्हा १९५१ साली तेथल्या संग्रहातली पहिल्या महायुद्धाच्या काळातली सहा विमाने त्याने आपली सारी शिल्लक घालून विकत घेतली. पुढे ऱ्हाइनबेकजवळ जमीन घेऊन तळ केला, आणि १९६० पासून लोकांना खेळ दाखवू लागला. १९९३ साली तो वारला, तरी खेळ चालू आहेत. तेथे १९०९ सालचे एक ब्लेरिओ विमान आहे, ते अमेरिकेत अजून उडणारे सर्वांत जुने विमान होय. धावपट्टीवरून थोडेसे वर उचलतात आणि पुन्हा खाली टेकवतात, जसे एखाद्या वृद्धाला अंगणात फिरवून आणावे.

आम्ही पोचलो तेव्हा एका जुन्या विमानाचे इंजिन चालू करून पाहत होते. निळसर धूर आमच्याकडे आला. मावशीने नाक वर केले आणि म्हणाली, "एरंडेल जळतंय."

आम्हांला वाटले तिला भास झाला. पण तेथल्या एका स्वयंसेवकाला विचारले तर तो चकित होऊन म्हणाला, अगदी बरोबर! त्या काळच्या काही इंजिनांत नळकांडी स्थिर नसत. पंख्याबरोबर सगळे इंजिनच गरगर फिरे. त्यात घातलेले तेल पुन्हा वापरता येत नसे, ते जळून धुरातून बाहेर पडे. तेल असे हवे की पेट्रोलमध्ये विरघळणार नाही, आणि तो गुण एरंडेलात होता. पहिल्या महायुद्धात एरंडेलाची एवढी टंचाई झाली की अमेरिकेने मुंबईहून एरंडीचे बी मागवून आपल्या दक्षिणेकडच्या राज्यांत पेरले. मावशीला हे भाषांतर करून सांगितले तेव्हा ती सुखावली. "म्हणजे तेल्यांशिवाय त्यांचंही चाललं नाही," ती म्हणाली. घाणा आमच्या घरातून चार पिढ्यांपूर्वी गेला. नाक मात्र राहिले म्हणायचे.

आम्ही ज्यात बसणार होतो ते विमान 'न्यू स्टँडर्ड डी-२५' जातीचे. चार्ल्स हीली डे ह्या गृहस्थांनी त्याचा आराखडा केला, आणि न्यू जर्सीतल्या पॅटर्सन येथे, म्हणजे आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, १९२९ च्या सुमारास ही विमाने बनली. त्या काळी अमेरिकेत वैमानिक गावोगाव हिंडत, शेतात विमान उतरवीत आणि गावकऱ्यांना पैसे घेऊन वर नेत. गेट्स फ्लाइंग सर्कस नावाची मंडळी तर एका डॉलरला फेरी देई. एका खेपेत अधिक माणसे न्यावीत म्हणून पुढच्या उघड्या खोबणीत चार माणसे बसतील असे हे विमान केले गेले. दोघे पुढे, दोघे मागे, आणि त्यांच्याही मागे एकटा वैमानिक. डोक्यावर छप्पर नाही. पंख लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले, आणि वरच्या व खालच्या पंखांमध्ये तारा ओढलेल्या.

ह्या जातीच्या विमानाला मूळ जे इंजिन बसवीत त्याचे नाव 'व्हर्लविंड', म्हणजे वावटळ. १९२७ साली लिंडबर्ग ज्या विमानाने एकटा अटलांटिक ओलांडून गेला त्यालाही ह्याच घराण्याचे इंजिन होते. हे नाव ऐकून आम्ही व मावशीने एकमेकांकडे पाहिले. एलियाहू हन्नाबी अग्निरथ आला तेव्हा वावटळीतूनच वर गेला, हे आपल्या लहान मुलालाही ठाऊक असते. आणि त्याच्या रथाच्या चाकांची व घोड्यांच्या टापांची खूण आपले लोक अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याच्या खडकावर दाखवतात; घाटातले खंडाळा ते हे नव्हे. ज्याला मलिदा बोलायचा त्याचीच ही वाट, असे मावशीला वाटले असल्यास नवल नाही.

आम्हांला कातडी टोप्या व गॉगल दिले. खालच्या पंखावर, जेथे सांगतात तेथेच पाय ठेवून चढायचे असते, कारण बाकी सगळे कापड. मावशीने साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला होता. तिला पुढच्या बाकावर बसवले, शेजारी चिरंजीव, मागे आम्ही दोघे. पट्टे आवळले. मावसबहीण वर आली नाही. ती कठड्यापाशी उभी राहिली, डोक्यावर पांढरी उन्हाळी टोपी, आणि ओठ हलत होते. ती शेमा म्हणत होती हे एवढ्या अंतरावरूनही कळत होते.

पंखा फिरला आणि वाऱ्याचा लोट तोंडावर आला. एवढा आवाज की बोलणे व्यर्थ. विमान गवतावरून धावू लागले तेव्हा प्रत्येक खड्डा अंगाला कळत होता, बैलगाडीच म्हणा. मग एकाएकी खड्डे थांबले. जमीन सुटल्याची तेवढीच खूण.

आम्ही पुढे पाहत होतो, झाडांचे शेंडे चाकांखालून जात होते. मावशी मात्र पुढे पाहत नव्हती. पट्टा जेवढे वळू देईल तेवढी ती मागे वळली होती आणि आमच्या खांद्यांवरून खाली पाहत होती. तिची मुलगी कठड्याजवळ उभी राहून टोपी हलवीत होती. माणूस लहान झाले, मग हात दिसेनासा झाला, मग हिरव्यात एक पांढरा ठिपका उरला. तो ठिपका हलत होता. मावशीने आपला हात पंख्याच्या वाऱ्यात वर केला तो बराच वेळ खाली घेतला नाही.

मग विमान वळले आणि हडसन नदी समोर आली, पलीकडे कॅटस्किलचे डोंगर, आणि किंग्स्टनकडे जाणारा लांबच लांब पूल. ह्या नदीचे एक वैशिष्ट्य कोकणातल्या माणसाला चटकन पटेल. समुद्राची भरती हिच्यात दीडशे मैल आत, ट्रॉय गावापर्यंत चढते, आणि येथले मूळ रहिवासी तिला दोन्हीकडे वाहणारे पाणी अशा अर्थाच्या नावाने ओळखत. खाली उतरल्यावर मावशीला हे सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे खाडीच की. मला रेवदंड्याची आठवण आली ती उगीच नव्हे."

बंद विमानात जग चित्रासारखे खिडकीत असते. येथे तसे नाही. ढगाची सावली आली की अंगाला गार लागते, ऊन आले की ऊन लागते. कापलेल्या गवताचा वास त्या उंचीवरही येतो. आणि भीती? भीती वाटली. पण वरच्या पंखाच्या तारा हाताच्या अंतरावर थरथरताना दिसतात, वैमानिक मागे बसला आहे हे माहीत असते. कशावर आपला जीव आहे ते सगळे डोळ्यांसमोर असल्याने ती भीती आंधळी राहत नाही.

पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच गवत आले, तेच खड्डे, आणि इंजिन थांबल्यावर कानात घुमणारी शांतता. मावसबहीण धावत आली. मावशी लगेच उतरली नाही. गॉगल काढून ती मुलीला म्हणाली, "तू मला सगळा वेळ दिसत होतीस."

"मी कुठे जाणार होते?" मुलगी म्हणाली.

"तसं नव्हे. सांताक्रूझला बाबा असेच कठड्याशी उभे असणार. विमान दिसेनासं होईपर्यंत उभे असणार. तू रडत होतीस, मला खिडकी नव्हती. मी निघाले तेव्हा ते कसे दिसत होते हेच मला कधी कळलं नाही. आज कळलं. असे दिसत होते."

आजोबा १९७१ साली वारले. त्या वेळी मावशीकडे मुंबईला जाण्याइतके पैसे नव्हते, आणि पत्र पोचले तेही तेराव्या दिवशी. हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. पण त्याच्याविषयी ती कधी बोलल्याचे आम्हांला आठवत नाही. मावसबहिणीने तिच्या खांद्यावर स्वेटर घातला व दोघी बाकावर जाऊन बसल्या. आम्ही चहा आणायला गेलो आणि मुद्दाम उशीर केला.

पुढच्या शनिवारी रात्री शब्बाथ सुटल्यावर आमच्या घरी मलिदा झाला. पोहे भिजवले, नारळ खोवला, साखर-वेलची घातली, पाच फळे मांडली, आणि जवळपासची आपली सात-आठ घरे जमली. जाणत्या काकांनी एलियाहू हन्नाबीचे गीत सुरू केले तेव्हा मावशीचा आवाज सर्वांत वर होता. प्रसादाचे ताट घेताना एका बाईंनी विचारले, नवस कशाचा होता? मावशी म्हणाली, "नीट पाहून येण्याचा."

वाचकांपैकी कोणी उन्हाळ्यात ह्या बाजूला येणार असल्यास जरूर ऱ्हाइनबेकला जावे. रविवार धरावा, सकाळी लवकर पोचावे, ऊन असले तरी स्वेटर न्यावा. घरात वडीलधारे माणूस असेल तर डॉक्टरांना विचारून त्याला पुढच्या बाकावर बसवावे. आणि एकाने तरी खाली कठड्याशी उभे राहावे, डोक्यावर पांढरी टोपी घालून.