दारू वजा जाता

‘एकच प्याला’ हे दारूच्या दुष्परिणामांवरचं नाटक आहे, असं शाळेत मास्तरांनी सांगितलं, गाइडात तसं छापून आलं आणि परीक्षेत तसं लिहिणाऱ्याला दहापैकी सहा गुण मिळाले. नावातच प्याला आणि शेवटी प्रेतं, तेव्हा मास्तरांना तरी दोष कसा द्यावा? पण हिशेबाच्या वहीत वजावट करतात तशी या नाटकातून दारू वजा करून बघा. शिल्लक काय राहतं? एक मानी नवरा, त्याची सोशिक बायको, तिचा पैसेवाला भाऊ, नवऱ्याचा विद्वान मित्र, नवऱ्याची बालविधवा बहीण, एक कारकून आणि त्या कारकुनाची तोंडाळ बायको. कुठल्याही मराठी घरातलं कार्य घ्या, पंगतीला याहून निराळी माणसं बसलेली दिसायची नाहीत. दारू नसती, तरी या मंडळींनी एकमेकांवर प्रेम करून करून एकमेकांचं मातेरं केलंच असतं, असं माझं नम्र मत आहे. दारूमुळे काम पाच अंकांत आटोपलं, एवढंच.

या नाटकाच्या जन्माची कथाही काही कमी करुण नाही. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. वय अवघं तेहतीस. आणि गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग बडोद्याला केला तो २० फेब्रुवारी १९१९ रोजी. अठ्ठावीस दिवसांची चुकामूक! ज्या माणसाने चार पिढ्यांचे रुमाल भिजवले, त्याला त्यातला एकही भिजलेला रुमाल बघायला मिळाला नाही. पदं रचली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी, सुधाकर झाले गणपतराव बोडस आणि सिंधू झाले बालगंधर्व.

आता इथे जरा थांबा. महाराष्ट्रातल्या लेकीसुनांपुढे जी आदर्श पत्नी ठेवली गेली, ती लिहिली एका पुरुषाने, तिच्या तोंडी पदं घातली दुसऱ्या पुरुषाने, आणि नऊवारी नेसून ती रंगभूमीवर उभी केली तीस वर्षांच्या तिसऱ्या पुरुषाने. प्रयोग संपल्यावर परीक्षण लिहायला बसणारेही बहुतकरून पुरुषच. बायकोने कसं असावं याची एवढी मोठी सभा भरली, आणि सभेत बायको म्हणून जी होती, तिलाही रोज सकाळी दाढी करावी लागत होती.

ही दाढीची गोष्ट माझी नव्हे, आमच्या आक्काची. आक्का म्हणजे माझी आत्या. तिच्याकडे येतोच, पण आधी जावईबापूंचा समाचार घेऊ.

सुधाकर हा वाईट माणूस नाही, हीच खरी पंचाईत आहे. हुशार वकील, बायकोवर जीव, मित्रावर जीव आणि स्वतःच्या शब्दावर तर फारच जीव. मुन्सफाशी भर कोर्टात खटका उडतो आणि काही महिन्यांपुरती सनद जाते. आता सनद गेली म्हणून काही आभाळ कोसळत नाही. सासुरवाड भक्कम आहे, मित्र पाठीशी आहे, बायको पाटावर बसवून वाढते आहे. पण माणूस परक्यांसमोर घसरून पडला तर धोतर झटकून उठतो आणि चालू लागतो. आपल्याच माणसांसमोर पडला की त्याला उठवत नाही. ज्यांच्या डोळ्यांत आपण मोठे आहोत, त्या डोळ्यांना डोळा कसा द्यायचा? अशा वेळी त्याला सोयीचा माणूस एकच सापडतो. तळीराम! त्याचा स्वतःचाच कारकून. या कारकुनाची सुधाकराकडून कसलीच अपेक्षा नाही. तो उपदेश करत नाही, डोळ्यांत पाणी आणत नाही. नुसता प्याला पुढे करतो. बाकीच्यांचं प्रेम सुधाकराला चढण चढायला सांगत होतं. तळीरामाने उतार दाखवला.

मधे एकदा सुधाकर दारू सोडतोसुद्धा. शपथ घेतो, नोकरी शोधायला बाहेर पडतो, आणि कालपर्यंत वाकून नमस्कार करणारे लोक त्याला दारातून वाटेला लावतात. मला विचाराल तर या नाटकातली सगळ्यात भयंकर जागा ती. त्या संध्याकाळी घरी येऊन तो बायकोला एवढंच म्हणता, की ‘अगं, आज चार ठिकाणी हाकललं मला. मला आज जेवण जायचं नाही,’ तर तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता, दोघं मिळून रडले असते आणि सकाळी पाचव्या ठिकाणी जाता आलं असतं. पण नवऱ्याने बायकोपुढे असं रडायचं नसतं. म्हणून तो परत बाटलीकडे जातो. पुरुषाला रडण्यापेक्षा बुडणं सोपं वाटतं, हे गडकऱ्यांना १९१९च्या आधीच कळलं होतं.

“नवऱ्याने घरी येऊन खरं सांगितलं असतं, तर नाटक झालंच नसतं,” असं आमच्या सौभाग्यवतीचं मत आहे. तिचा रोख अर्थात नाटकाकडे नसतो.

मित्र रामलाल. सज्जन, सुशिक्षित आणि बोलका. आधी तो विलायतेला निघून जातो, आणि परत येतो तेव्हा मित्राचा पुष्कळ उतार झालेला असतो. मग तो समजावू लागतो. गडकऱ्यांची वाक्यं म्हणजे आगगाडी. डब्यामागून डबे येतच राहतात. रामलालचं एक वाक्य संपेपर्यंत निम्मी बाटली संपायची. बरं, या सज्जनालाही स्वतःच्या मनाचा पत्ता नाही. सुधाकराची बालविधवा बहीण शरद, तिला तो मुलीसारखी म्हणून शिकवतो आणि शिकवता शिकवता आपलं वात्सल्य भलत्याच वाटेने चाललं आहे हे त्याच्या ध्यानात येतं. स्वतःला चाचपून बघणारा आणि मग आवरणारा हा रामलाल मला त्याच्या सगळ्या उपदेशांपेक्षा जास्त पटतो. आणि तो भगीरथ! प्रेमभंग झाला म्हणून प्यायला लागलेला आणि चांगलं काम हाती आल्यावर प्यायचं सोडणारा. म्हणजे दारूने घर बुडतं हा धडा मास्तरांना सापडला, पण सोडणारा सोडतो हाही धडा त्याच पुस्तकात होता. तो परीक्षेला नव्हता.

आता सिंधू आणि गीता.

सिंधू सुधाकराची, गीता तळीरामाची. दोघींच्याही पदरी तेच दान. सिंधू बोलत नाही. गीता बोलायची थांबत नाही. सिंधू भावाकडून पै घेणार नाही म्हणून लोकांची दळणं दळते, आणि भाऊ पद्माकर न्यायला आला तरी नवऱ्याचे पाय सोडत नाही. गीता नवऱ्याच्या तोंडावर त्याची लाज काढते. मौनाचा उपाय चालला नाही आणि आरडाओरड्याचाही चालला नाही. निकाल दोघींचा सारखाच. पण प्रेक्षक सिंधूसाठी रडतात आणि गीतेला हसतात. बाईने दुःख गाऊन सांगितलं तर ती पतिव्रता, ओरडून सांगितलं तर ती विनोदी पात्र! पुढे तळीराम तर शब्दच होऊन बसला. दर एकतीस डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत पोलिसांनी किती तळीराम पकडले त्याचा आकडा येतो. सिंधूचं नाव घराघरांत झालं. गीता मात्र कुठेच पोचली नाही.

हेही आक्काचंच म्हणणं. आमच्या आळीत गणेशोत्सवात ‘एकच प्याला’ व्हायचा. सुधाकर बँकेतले रोखपाल, सिंधू चित्रकलेचे मास्तर आणि बाटलीत कोरा चहा. तो चहा एकदा इतका गरम निघाला, की सुधाकराने पहिला प्याला तोंडाला लावताच जी किंकाळी फोडली, ती तशी नाटकात नसूनही टाळी घेऊन गेली. गीता व्हायचे पोस्टातले एक गृहस्थ. ते आले की लहान मुलंसुद्धा हसायला सुरुवात करायची. पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलेली आक्का मात्र हसायची नाही. “ती ओरडतेय म्हणून हसताय होय रे?” असं एकदा ती एवढ्या मोठ्याने म्हणाली, की गीता आपलं पुढचं वाक्य विसरली.

आणि आणखी एक. शेवटच्या अंकाची घंटा झाली की आक्का उठायची. पदर सारखा करायची, पिशवी घ्यायची आणि “दुधाला विरजण लावायचं राहिलंय” म्हणून घरी निघायची. दर वर्षी. आमच्या घरात विरजण नेमकं ‘एकच प्याला’च्याच दिवशी लावायचं राहतं, याचं आम्हा मुलांना फारसं नवल वाटलं नाही. मोठ्या माणसांच्या पुष्कळ गोष्टी अशाच असतात.

आक्का आमच्याकडेच राहायची. घरात जसं जातं असतं, देवघर असतं, तशी आत्या असते, अशी आम्हा भावंडांची समजूत. ती १९५८ साली दोन ट्रंका घेऊन आली हे पुढे आईने सांगितलं. दवाखान्यात तिने एकदा सांगितलं होतं, न्हाणीघरात पाय घसरला. सहा महिन्यांनी पुन्हा सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला. तिसऱ्या वेळी वडील टांगा घेऊन गेले. “तुझ्या वडिलांनी एक शब्द विचारला नाही,” आई म्हणाली. “ट्रंका उचलल्या, टांग्यात ठेवल्या आणि म्हणाले, ‘न्हाणीघर आपलंही आहे, पण कोरडं आहे. चल.’” पद्माकरासारखं दहा वाक्यांचं भाषण माझ्या वडिलांना जमलं नसतं. पण मला वाटतं, पद्माकर भाषण न करता नुसता टांगा घेऊन आला असता, तर सिंधूही कदाचित बसली असती. कुणी सांगावं?

शेवटच्या अंकात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. नशेत सुधाकराच्या हातून पोटचं पोर जातं, सिंधू जबर जखमी होते. भाऊ फौजदाराला घेऊन येतो. आणि मरता मरता ती बाई जबाब देते, की नवऱ्याने काही केलं नाही, मीच पडले. मग सुधाकर दारूत विष घालून शेवटचा प्याला घेतो. आयुष्यभर एक खोटं न बोललेली सिंधू शेवटी खोटं बोलते ते प्रेमापायी, म्हणून इथे सगळं थिएटर हुंदके देतं. मास्तर म्हणायचे, इथे पातिव्रत्याचा कळस झाला आहे.

१९९६ साली माझी मुलगी कॉलेजच्या स्पर्धेत हाच प्रवेश करणार होती. आठ दिवस घरभर सिंधू चालली होती. आमच्या सौभाग्यवतीने हात कसे जोडायचे ते दाखवलं, मी आवाज कुठे कापरा करायचा ते सांगितलं. आक्का तेव्हा सत्तरीला टेकलेली, कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली. मुलगी मान खाली घालून, हुंदका देत देत फौजदाराला जबाब देत होती. तिसऱ्यांदा तोच हुंदका आला तेव्हा आक्का सुपातून मान वर न करता म्हणाली,

“खाली बघून नाही म्हणायचं ते.”

“मग कसं म्हणू, आक्काआजी?”

“सरळ त्याच्या तोंडाकडे बघून म्हणायचं. दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर कमी टाक म्हणतात, तसं. खाली बघितलं की त्यांना कळतं. आणि रडायचं तर मुळीच नाही. रडलं की पुढचं विचारतात.”

मुलीने तसं करून दाखवलं. आम्ही दोघं गप्पच झालो. माझ्या सगळ्या कापऱ्या आवाजांपेक्षा ते अर्धा लिटर दूध भारी होतं.

“तुला बरं माहीत गं!” मुलगी म्हणाली.

“इतक्या वर्षांत किती वेळा बघितलंय नाटक,” आक्का म्हणाली आणि तिने एक खडा काढून बाजूला ठेवला.

शेवटचा अंक आक्काने एकदाही बघितला नव्हता, हे मुलीला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. पण मी विषय चहाकडे नेला.

स्पर्धेत मुलीला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी शेरा दिला होता, की पाठांतर चोख आहे, परंतु करुणरसाचा परिपोष झाला नाही. सिंधू कोरडी वाटली. मुलगी हिरमुसली होऊन घरी आली आणि तिने तो कागद आक्कापुढे टाकला. आक्काने चष्मा लावून दोनदा वाचला.

“किती होते गं परीक्षक?”

“तीन.”

“आणि दाढी करणारे?”

“तिघंही!”

“मग ठीक आहे,” असं म्हणून आक्काने कागदाची नीट घडी घातली आणि सूप पुढे ओढलं.